मासा कुणी ओळखला?



परवा रात्रीपासून आपल्या गावातल्या सगळ्या ग्रुपवर एका माशाचा फोटो फिरतोय. तुम्हीही पाहिला असेल. जेटीवरच्या ओल्या लादीवर पडलेला मासा, अर्धा टोपलीखाली, शेपूट फोटोच्या बाहेर. खाली मजकूर, "आपल्या बंदरात सापडला करोडो वर्षांपूर्वीचा मासा, किंमत ऐकून थक्क व्हाल!" सकाळी दहापर्यंत मला अकरा फोन आले. "भाऊ, बातमी कधी लावताय?"

बातमी अजून लावलेली नाही. का नाही ते सांगतो. त्यासाठी एक जुनी, खरी घडलेली गोष्ट सांगावी लागेल. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझी चूक सांगून टाकतो. तेरा-चौदा वर्षांपूर्वी मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. एका ट्रॉलरच्या जाळ्यात एक विचित्र मासा आला. काळसर, लांबट, मोठ्या डोळ्यांचा. मी मोबाइलवर एकच फोटो काढला, तोही तोंडाचा, कारण तोंड भयंकर दिसत होतं. डेस्कवरून विचारणा झाली, "नाव काय माशाचं? आणि किंमत टाक, लोक वाचतात." जेटीवर पाच जणांनी पाच नावं सांगितली. मी नेटवर बघून त्यातल्या त्यात जुळणारं सहावं नाव ठोकून दिलं. 'दुर्मिळ मासा सापडला, लाखोंची किंमत.' तीन कॉलम लागली.

चार दिवसांनी कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांचा फोन आला. "लांबी किती होती? पाठीवर पर किती होते, एक की दोन? मासा आता कुठे आहे?" मासा तेव्हाच फिशमीलच्या गाडीत गेला होता. लांबी मोजली नव्हती. पाठीचा फोटो नव्हता. सर रागावले नाहीत, नुसतं "अरेरे" म्हणाले. ते "अरेरे" मला अजून ऐकू येतं. तो मासा कोणता होता, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. छापलेलं नाव मात्र कात्रणात कायमचं राहिलं आहे.

आता ती गोष्ट.

लंडन म्हटलं की आपल्याला इंग्लंड आठवतं. पण ईस्ट लंडन नावाचं एक बंदर दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आहे, आपल्याच हिंदी महासागराच्या त्या टोकाला. १९३० च्या दशकात तिथे एक छोटंसं म्युझियम होतं. त्याची व्यवस्था बघायला १९३१ मध्ये एक मुलगी लागली, मार्जरी कोर्टने-लॅटिमर. वय २४. पदवी नाही. नर्स व्हायला निघाली होती, तेवढ्यात ही नोकरी मिळाली. पक्षी, शिंपले, जुनी हाडं, जे मिळेल ते गोळा करायचं आणि नीट चिठ्ठी लावून मांडायचं, हे तिचं काम.

तिने एक गोष्ट फार शहाणपणाची केली. बंदरावर ओळखी वाढवल्या. ट्रॉलरवाल्यांना सांगून ठेवलं की जाळ्यात काही वेगळं दिसलं तर फेकू नका, मला कळवा. हेन्ड्रिक गूसेन नावाचा एक कॅप्टन होता, तो तिच्यासाठी असे मासे बाजूला काढून ठेवायचा. कसलं परिपत्रक नव्हतं, पैसे नव्हते. नुसती ओळख.

२२ डिसेंबर १९३८. नाताळ तोंडावर आलेला. म्युझियममध्ये फोन वाजला, गूसेनचा 'नेरीन' ट्रॉलर धक्क्याला लागलाय, तुमच्यासाठी मासे ठेवलेत. मार्जरीबाई एका जीवाश्माची हाडं जुळवत बसल्या होत्या. जावं की नको, असा विचार आलाच. पण सणाचे दिवस, निदान खलाशांना शुभेच्छा तरी देऊन येऊ म्हणून मदतनीसाला घेऊन टॅक्सीनं गेल्या.

डेकवर ढीग होता. मुशी, वागळ्या, नेहमीचा माल. ढिगाखालून एक निळा पर डोकावत होता. वरचे मासे बाजूला केले तर खाली पाच फूट लांबीचा, सुमारे ५७ किलोचा मासा. फिकट जांभळट निळा, अंगावर चंदेरी ठिपके, खवले चिलखतासारखे टणक. आणि पर कसे? नेहमीसारखे अंगाला चिकटलेले नाहीत. मांसल देठावर बसलेले, जणू आखूड हातपायच. शेपटीच्या टोकाला आणखी एक छोटं शेपूट. बाईंना नाव माहीत नव्हतं. पण असलं आपण आजवर पाहिलेलं नाही, एवढं त्यांना नक्की कळलं.

मंडळी, इथपासून पुढे जे झालं ते आपल्या गावात घडल्यासारखं वाटेल.

टॅक्सीवाला म्हणाला, हा वासाचा मासा माझ्या गाडीत नको. बरीच हुज्जत घातल्यावर तयार झाला. म्युझियमच्या अध्यक्षांनी मासा बघितला आणि विषय संपवला, हा तर रॉक कॉड. म्हणजे आपल्याकडे कुणी "अहो, हा साधा गोब्रा!" म्हणावं तसं. डिसेंबर म्हणजे तिकडे ऐन उन्हाळा. मासा ठेवायचा कुठे? शवागाराने नकार दिला. कोल्ड स्टोरेजनेही नकार दिला. शेवटी पेंढा भरणाऱ्या कारागिराकडे नेला. हाताशी होतं तेवढं फॉर्मेलिन घेऊन त्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रांत आणि कापडात तो गुंडाळला. (आमच्या कागदाचा इतका चांगला उपयोग क्वचितच झाला असेल.)

बाईंच्या ओळखीत मासे जाणणारा एकच माणूस होता, ग्रॅहमस्टाउनच्या कॉलेजातले जे. एल. बी. स्मिथ. ते शिकवायचे रसायनशास्त्र, मासे हा त्यांचा छंद. फोन केला, तर स्वारी सुट्टीवर, शेकडो किलोमीटर लांब नाइज्ना गावी. मग २३ डिसेंबरला बाईंनी पत्र लिहिलं. सोबत हातानं काढलेलं माशाचं चित्र जोडलं. कुठे कोणता पर, शेपूट कशी, लांबी किती, सगळं टिपलं.

नाताळची टपाल. पत्र पोचलं ३ जानेवारी १९३९ ला. तोपर्यंत इकडे मासा नासायला लागला होता. फॉर्मेलिन आतपर्यंत पोचलंच नव्हतं. नाइलाजानं कातडी सोडवून पेंढा भरावा लागला, आतडी आणि कल्ले टाकून दिले. काढलेले फोटोही फिल्म बिघडल्यामुळे वाया गेले. स्मिथांनी चित्र बघितलं आणि घाईघाईनं तार केली, सांगाडा आणि कल्ले काहीही करून जपा. तार आली तेव्हा ते कचऱ्यात गेलेले. शोधूनही मिळाले नाहीत.

स्मिथ इतके का हादरले? कारण तसले पर आणि तसली शेपूट त्यांनी पुस्तकात पाहिली होती, पण दगडात. सीलाकँथ नावाच्या माशांच्या एका कुळाचे जीवाश्म शंभर वर्षांपासून शास्त्रज्ञांना माहीत होते. लुई अगासी या स्विस अभ्यासकानं त्या कुळाला नाव दिलं होतं. हे मासे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांपासून सापडतात आणि साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोरांबरोबर, त्यांचा माग संपतो. सगळ्यांनी त्यांना मेलेलं धरलं होतं. आणि इथे एक मासा नाताळच्या आधी ताज्या मालात येऊन पडलेला.

नोकरी आणि पाऊस यांतून वाट काढत स्मिथ १६ फेब्रुवारी १९३९ ला ईस्ट लंडनला पोचले. पेंढा भरलेला मासा बघितला आणि शंकाच उरली नाही. मार्चमध्ये इंग्लंडच्या 'नेचर' साप्ताहिकात त्यांनी माशाचं नाव जाहीर केलं, लॅटिमेरिया चालुम्नी. पहिला शब्द मार्जरी लॅटिमरबाईंच्या नावावरून, दुसरा चालुम्ना नदीवरून, जिच्या मुखाजवळ जाळं लागलं होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण फॉरवर्डमध्ये नेहमी हाच घोळ असतो. तो मासा काही करोडो वर्षांचा नव्हता. त्याचं कूळ जुनं. आपल्या आजोबांच्या आजोबांचं आडनाव आपल्याला आहे, म्हणून आपलं वय दोनशे होत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर तिला मी 'बाईंची जिद्द' असं नाव देऊन मोकळा झालो असतो. पण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आतले अवयव गेले होते, म्हणून स्मिथांना दुसरा मासा हवा होता. त्यांनी पत्रकं छापली. माशाचा फोटो, इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीजमध्ये मजकूर, आणि १०० पौंडांचं बक्षीस. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ती वाटली. मध्ये दुसरं महायुद्ध झालं. वर्षं गेली. काही नाही.

१९५२ मध्ये एरिक हंट नावाच्या एका व्यापारी कॅप्टननं ही पत्रकं कोमोरोस बेटांवर नेली. ही बेटं आफ्रिका आणि मादागास्करच्या मधे आहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या आंजुआन बेटावर एका मच्छीमाराच्या गरीला मोठा मासा लागला. मासा बाजारात गेला, कापलाच जाणार होता. तेवढ्यात तिथल्या एका शाळामास्तरांनी तो पाहिला. त्यांना पत्रकातला फोटो आठवला. "थांबा, कापू नका." हंटची बोट बेटाच्या पलीकडच्या बाजूला लागली होती. लोकांनी तो जड मासा डोंगर ओलांडून त्याच्यापर्यंत नेला. हंटनं मीठ लावलं, फॉर्मेलिन मिळवून टोचलं, स्मिथांना तार केली.

स्मिथांना तार मिळाली, पण कोमोरोसला जायचं कसं? त्यांनी थेट पंतप्रधान डी. एफ. मलान यांना नाताळच्या सुट्टीत फोन लावला. मलान यांनी हवाई दलाचं डाकोटा विमान दिलं. एका मेलेल्या माशासाठी सरकारी विमान! २९ डिसेंबरला स्मिथ तिथे पोचले, पेटी उघडली, आणि १४ वर्षं शोधत असलेला मासा बघून तो प्रौढ माणूस रडला.

आणि बेटावरच्या लोकांचं काय? त्यांच्यासाठी यात नवल काहीच नव्हतं. ते त्या माशाला गोम्बेसा म्हणायचे. रात्री खोल पाण्यात दुसऱ्या माशांसाठी गरी सोडली की अधूनमधून हा लागायचा. मांस तेलकट, चव बेताची, भावही नाही. त्याचे खरबरीत खवले सायकलच्या ट्यूबला पंक्चर काढताना घासायला वापरायचे, असंही सांगितलं जातं.

म्हणजे बघा. जगातले मोठे मोठे शास्त्रज्ञ ज्याला सहा कोटी वर्षांपूर्वी संपलेला समजत होते, त्याला कोमोरोसच्या तांडेलांनी नाव ठेवलेलं होतं. तो कुठे मिळतो, कधी मिळतो, हे त्यांना पाठ होतं. ते लपवत नव्हते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

आणखी एक गंमत. त्या दुसऱ्या माशाला पाठीवरचा पहिला पर नव्हता. स्मिथांना वाटलं ही वेगळीच जात. त्यांनी लगेच नवं नाव दिलं, मलानिया, पंतप्रधानांच्या मानाखातर. पुढे कळलं की तो पर जखमेमुळे गेला होता, मासा पहिल्यासारखाच. नाव रद्द झालं. एवढा मोठा माणूसही एका परावरून फसला. मग तोंडाच्या एका फोटोवरून नाव ठोकून देणारा मी कोण?

तिसरा प्रसंग आणखी अलीकडचा. सप्टेंबर १९९७, इंडोनेशियातलं मनाडो शहर. मार्क एर्डमन नावाचा अमेरिकन सागरी अभ्यासक नुकतंच लग्न होऊन बायकोसोबत तिथे गेलेला. बाजारात एका हातगाडीवर हाच मासा दिसला. कोमोरोसपासून सुमारे १० हजार किलोमीटरवर! त्यांनी फोटो काढले, पण त्यांना वाटलं इथलाही असा मासा शास्त्रज्ञांना आधीच माहीत असेल. मासा विकला गेला. चूक लक्षात आल्यावर एर्डमन तिथल्या मच्छीमारांना भेटत राहिले, माहिती विचारत राहिले. दहा महिन्यांनी, जुलै १९९८ मध्ये, एका मच्छीमारानं दुसरा मासा आणून दिला. तो निळा नव्हता, तपकिरी होता, आणि पुढे वेगळी जात ठरला. तिथले मच्छीमार त्याला काय म्हणायचे माहितीये? राजा लाउत. लाउत म्हणजे समुद्र. आणि राजा म्हणजे राजाच, आपलाच शब्द.

तीन प्रसंग, तीन देश. तिन्ही ठिकाणी मासा 'ओळखला' कुणी? पुस्तकात नाव स्मिथांचं येतं, आणि ते रास्तच आहे. पण ढिगातून मासा बाजूला ठेवणारा गूसेन नसता, तो न टाकणाऱ्या आणि चित्र काढणाऱ्या मार्जरीबाई नसत्या, सुरी थांबवणारे मास्तर नसते, तर स्मिथांच्या हाती काय आलं असतं? आपल्या भाषेत 'ओळख' हा शब्द दोन्हीसाठी आहे. माशाची ओळख पटायला आधी माणसामाणसांत ओळख लागते. धक्क्यावरच्या माणसाला कुणाला फोन करायचा हे माहीत पाहिजे, आणि पलीकडच्या माणसानं तो फोन उचलला पाहिजे.

आता आपल्या जेटीवर येऊ.

हा फक्त कुतूहलाचा विषय नाही. बहिरी म्हणजे व्हेल शार्क आणि करवत मासा हे आपल्या कायद्यानं वाघासारखेच संरक्षित आहेत. चुकून जाळ्यात आले आणि विकायला काढले तर गुन्हा होतो. उलट, जाळं कापून असा जीव जिवंत सोडला तर फाटलेल्या जाळ्यासाठी आपलं राज्य सरकार २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. पण त्यासाठी सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो, आणि मुळात जाळ्यात काय आलंय ते ओळखता यावं लागतं. मी जेटीवर सहज विचारलं. या भरपाईबद्दल माहिती असलेले दहात तीन निघाले.

दुसरं म्हणजे, समुद्र बदलतोय हे आपण सगळेच बोलतो. अमुक मासा कमी झाला, तमुक नवीनच दिसतो. पण लिहून कुणी ठेवलंय? आपल्या एका जुन्या तांडेलकाकांना मी परवाचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "भाऊ, आमच्या बापानं असला एक धरला होता. नावपण सांगायचा तो. आता नाय आठवत." त्या नावाबरोबर काय काय गेलं असेल, कोण सांगणार?

म्हणून माझ्या साध्या मागण्या आहेत. मच्छीमार सोसायटी, नगरपरिषद आणि कॉलेज या तिघांकडे.

लिलावाच्या शेडमध्ये एक आडवा डीप फ्रीझर ठेवा, फक्त न ओळखलेल्या माशांसाठी. भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणांची एक फळी लावा. एक वही ठेवा. तारीख, बोट, किती वाव पाण्यात, कोणतं जाळं, आणि तांडेल त्याला काय म्हणतो ते नाव. आणि एक फोन नंबर मोठ्या अक्षरात रंगवा, जो खरंच उचलला जाईल. या सगळ्याचा खर्च एका वाढदिवसाच्या बॅनरबाजीपेक्षा कमी आहे, हे मी जबाबदारीनं लिहितोय.

आणि आपल्या सगळ्यांसाठी. वेगळा मासा दिसला तर तोंडाचा नको, पूर्ण कुशीवरून फोटो काढा. पर उघडून धरा. बाजूला पट्टी ठेवा, नाहीतर चप्पल तरी ठेवा, म्हणजे आकार कळेल. शेपूट फोटोत आली पाहिजे. मासा बर्फात ठेवा. आणि ग्रुपवर 'करोडो' लिहायच्या आधी एकदा दम घ्या.

आता परवाच्या माशाबद्दल. तो फिशमीलच्या गाडीत गेलेला नाही. पहाटे मी जेटीवर गेलो तेव्हा एका पोरसवदा खलाशानं तो बर्फाच्या पेटीत बाजूला ठेवला होता. विचारलं का रे ठेवलास, तर म्हणाला, "वेगळा वाटला म्हणून." गूसेनचं नाव त्यानं आयुष्यात ऐकलेलं नाही. आम्ही दोघांनी मिळून मासा मोजला, दोन्ही बाजूंनी फोटो काढले, पर मोजले. पाठीवर दोन आहेत. सगळं त्याच कॉलेजच्या सरांना पाठवलं. ते आता निवृत्त झालेत, पण फोन पहिल्या रिंगला उचलला.

सीलाकँथ नाही, एवढं त्यांनी बघताक्षणी सांगितलं. त्या आशेवर असाल तर सोडा. बाकी नक्की काय ते मासा हातात घेऊनच सांगेन म्हणाले. आज संध्याकाळच्या एसटीनं मासा बर्फासकट त्यांच्याकडे जातोय.

निघताना त्या पोरानं विचारलं, "भाऊ, बातमीत माझं नाव येणार काय?"

कोमोरोसच्या त्या मच्छीमाराला १०० पौंड मिळाले, पण माशाला नाव पडलं पंतप्रधानांचं. मी त्याला म्हटलं, येणार. पहिल्या ओळीत.

नाव कळलं की इथेच सांगतो. साधाच मासा निघाला तरी सांगतो.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना माशांची जुनी नावं आठवत असतील तर त्यांना विचारून कमेंटमध्ये लिहा. पटलं तर पोस्ट पुढे पाठवा, विशेषतः सोसायटीच्या ग्रुपवर.